मृगात बदललेली कुंडी: फोंड्यातल्या एका पीस लिलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा शहरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात चार माणसं: ७८ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दहावीतली नात. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा मी वगळल्या आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहिते. फोंडा आणि आसपासच्या घरांतली झाडं बघण्याचं काम मी करते. या घरात मी आधी एक-दोनदाच गेले होते, तेही बाल्कनीतल्या मोगऱ्यासाठी.

प्रकरण आहे पीस लिलीच्या एका कुंडीचं. आजींचे यजमान शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांना ती मिळाली होती, ६ इंचांच्या प्लास्टिकच्या कुंडीत. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच्या हातांनी ती ८ इंचांच्या कुंडीत हलवली. पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हापासून पाणी घालायचं काम सुनेकडे, म्हणजे ज्यांना मी वहिनी म्हणते त्यांच्याकडे आलं. आजी त्या कुंडीला नुसतं "ह्यांचं झाड" म्हणतात. हे सांगायचं कारण असं की, "मेलं तर नर्सरीतून दुसरं आणा, शेदोनशे रुपयांचा तर प्रश्न" असं या घरात कोणालाही म्हणता आलं नसतं. पुढचे सगळे निर्णय त्या दडपणाखाली झाले.

पीस लिली अळूच्या कुळातली. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी रानांतली, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारी. म्हणून कमी उजेडाच्या दिवाणखान्यातही ती तग धरते. तिचं पांढरं फूल ज्याला आपण म्हणतो ते खरं तर रंग बदललेलं एक पान असतं. त्याच्या मधोमध जी दांडी असते तिच्यावरचे बारीक दाणे ही खरी फुलं. अळूशी असलेलं नातं आणखी एका बाबतीत लक्षात ठेवावं लागतं: पानांत आणि देठांत खाजरे स्फटिक असतात. लहान मुलं आणि मांजरं यांच्या तोंडात ती जाऊ देऊ नये, आणि मुळं कापताना हातमोजे घालावेत.

झाड काय सांगत होतं

कुंडी बदलायला हवी, ही गोष्ट वहिनींच्या लक्षात फेब्रुवारीतच आली होती, आणि त्यांचं निरीक्षण अचूक होतं. पाणी घातलं की ते मातीत न थांबता सरळ खालच्या बशीत येत होतं. पूर्वी चार-पाच दिवस टिकणारा ओलावा आता दुसऱ्या दिवशी संपत होता आणि झाड मान टाकत होतं. तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आली होती. कुंडीची प्लास्टिकची भिंत एका बाजूला फुगली होती. नवी पानं जुन्यांच्या निम्म्या आकाराची निघत होती आणि मातीवर क्षारांचा पांढुरका थर धरला होता.

यातली एखादीच खूण असती तर मी थांबा म्हटलं असतं. पीस लिलीला थोडी अडचण चालते. मुळांनी कुंडी जरा भरलेली असली की ती फुलतेही बरी. पण इथे सगळ्याच खुणा एकत्र होत्या. आत मातीपेक्षा मुळं जास्त झाली होती. मातीच उरली नाही तर पाणी धरून ठेवणार कोण?

मात्र मार्चमध्ये नातीची परीक्षा. घरात कुंड्या, माती, पसारा नको म्हणून काम पुढे ढकललं गेलं. एप्रिल-मेमध्ये उकाडा आणि पाहुणे. बघता बघता जून आला.

पहिला निर्णय

आजींचं माहेर अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, एका गावचं. घरचं कुळागर होतं: सुपारी, नारळ, केळी, मिरीचे वेल, अननस. लागवडीचं त्यांचं ज्ञान पुस्तकातलं नाही, हातातलं आहे. त्या म्हणाल्या, "मृग लागू दे. मृगात लावलेलं मरत नाही." ८ जूननंतरच्या रविवारी सगळ्यांनी मिळून कुंडी बदलली.

मुलाने हौसेने १४ इंचांची सिरॅमिकची कुंडी आणली होती. त्यांचा विचार असा, की आईच्या जिवाभावाचं झाड आहे, एकदाच मोठं घर देऊ, पुढची पाच वर्षं बघायला नको. माती गावाहून आली, सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून, लाल आणि कसदार. त्यात शेणखत मिसळलं. तळाशी पाणी निचरावं म्हणून दोन इंच खडी घातली. कुंडीच्या एकुलत्या भोकावर कौलाचा सपाट तुकडा ठेवला. जुन्या कुंडीतून मुळांचा गोळा अलगद काढला आणि तसाच्या तसा, न मोकळा करता, मधोमध बसवला. भोवती माती भरली, हातांनी दाबून घट्ट केली, पोटभर पाणी दिलं आणि पावसाची झड येते त्या पश्चिमेच्या बाल्कनीत कुंडी ठेवली.

या कामात माया कुठेच कमी नव्हती. आणि एकेक गोष्ट सुटी पाहिली तर प्रत्येकीमागे काही ना काही तर्क होता. म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. निष्काळजीपणाने मरणाऱ्या झाडांबद्दल फार सांगण्यासारखं नसतं. इथे चौघांनी जीव लावून काम केलं होतं.

काय बिघडलं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाडाने मान टाकली. वहिनींना ते ओळखीचं वाटलं, कारण जुन्या कुंडीत तहान लागली की ते असंच करायचं. त्यांनी पाणी घातलं. पूर्वी पाणी घातल्यावर तासा-दोन तासांत पानं ताठ उभी राहायची, या वेळी राहिली नाहीत. मग त्या रोज पाणी घालू लागल्या.

त्यांनी मला फोन केला तो याच दिवसांत, आणि पहिली मोठी चूक माझी झाली. मी म्हटलं, "वहिनी, कुंडी बदलली की झाडाला धक्का बसतोच. दहा दिवस द्या त्याला." कुंडी किती मोठी घेतली, माती कुठली, आत बोट घालून बघितलं का, यातलं काहीही मी विचारलं नाही. धक्का बसतो हे खरंच आहे. मुळं हलली की आठ-दहा दिवस झाड मलूल राहतं. पण त्या काळात माती नुसती दमट असायला हवी, रात्रीतून पानं थोडी सावरायला हवीत आणि दिवसागणिक फरक दिसायला हवा. इथे सकाळीसुद्धा पानं लोंबत होती. हा एक प्रश्न मी विचारला असता, तर तीन आठवडे वाचले असते.

पीस लिलीला खोड नसतं. तिची पानं उभी असतात ती देठांत भरलेल्या पाण्याच्या दाबावर. मुळांनी पाणी पाठवणं थांबवलं की ती पडतात. मग मातीत पाणी नाही म्हणून थांबवलेलं असो, किंवा मुळंच उरली नाहीत म्हणून. वरून दोन्ही सारखंच दिसतं. तहानेने पडलेलं झाड आणि बुडून पडलेलं झाड यांतला फरक पानांवर शोधून मिळत नाही, तो मातीत शोधावा लागतो.

१८ जुलैला मी प्रत्यक्ष गेले. खालची सात-आठ पानं पिवळी पडली होती, दोन देठ बुडाशी तपकिरी आणि मऊ झाले होते. कुंडी कलती करून बघायला गेले तर हलेना. बशी काठोकाठ भरलेली होती आणि तिच्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूच्या दिवसांत हा वेगळाच धोका, म्हणून आधी ती ओतली. मातीत बांबूची काडी खोल खुपसून दहा मिनिटं ठेवली. ती चिखलाने माखून वर आली आणि तिला गटारासारखा आंबूस वास होता. कुंडीतली हवा संपली की असा वास सुटतो.

असं का झालं हे समजायला थोडं गणित पुरतं. कुंडीचा आकार तोच ठेवून व्यास ८ इंचांवरून १० केला तर आत मावणारी माती जवळपास दुप्पट होते. १४ केला तर पाचपटीहून जास्त. मुळांचा गोळा मात्र तेवढाच. त्याने प्यायचं ते मूठभर, आणि भोवती ओली माती पाच घमेली. उन्हाळ्यात त्यातलं बरंच पाणी उडून गेलं असतं. जुलैत गोव्याची हवाच पाण्याने भरलेली असते. वर्षाकाठी इथे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आभाळ झाकलेलं, ऊन नाही, पानांतून होणारं बाष्पीभवन मंदावलेलं. म्हणजे झाड कमी पितं आणि मातीही वाळत नाही.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. हवेच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोचेनासा होतो. तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग कुजवणारी बुरशी आणि तिच्यासारखे दिसणारे सूक्ष्मजीव चढतात. कुळागरवाल्यांना हे शत्रू ओळखीचे आहेत. पावसात सुपारीच्या शिंपुटांवर, म्हणजे घडांवर, जो कोळेरोग पडतो आणि ज्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, तो घडवणारा फायटोफ्थोरा याच गोतावळ्यातला.

आणि तळाची खडी. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात केली जाते, म्हणून जरा थांबून सांगते. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्यावरच ते खाली टपकतं. म्हणजे ओल्या मातीचा जो थर एरवी तळाशी बसला असता, तो खडीमुळे दोन इंच वर, थेट मुळांपाशी आला. खडीने निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एखादी वाकडी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. इथे तर कौलाचा सपाट तुकडा भोकावर चपखल बसून बुचासारखा झाला होता.

समोरचे पर्याय

त्या दुपारी चहा घेत आम्ही बराच वेळ बोललो. वहिनींना रडू येत होतं. आजी गप्प होत्या. मुलाचं म्हणणं होतं की दीड महिन्यात दुसऱ्यांदा मुळं हलवली तर उरलंसुरलंही जाईल. त्यांची भीती खोटी नव्हती.

पहिला पर्याय, पाणी बंद करून कुंडी पंख्याखाली ठेवायची आणि वाळू द्यायची. हलक्या कुजीसाठी, लहान कुंडीत, मी हेच केलं असतं. पण जुलैत एवढी लाल माती वाळायला कित्येक आठवडे गेले असते, आणि मऊ पडलेले देठ सांगत होते की कूज गड्ड्यापर्यंत आली आहे.

दुसरा, झाड काढून, कुजलेली मुळं कापून, लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावायचं. यात झाडाला पुन्हा धक्का बसणार होता, तोही वर्षातल्या सगळ्यात ओल्या महिन्यात.

तिसरा आजींनी सुचवला: "बाय, कुळागरात नेऊन लावूया का? तिथे सावली आहे, ओल आहे." मला तो विचार फार आवडला, आजही आवडतो. पीस लिलीला सुपारीच्या सावलीसारखी दुसरी जागा मिळणार नाही. पण निम्मी मुळं सडलेलं झाड मुसळधार पावसात जमिनीत लावलं तर उघड्या जखमांवर दुसऱ्या दिवशीच नवी कूज बसते, आणि गोगलगाई असतातच. मी म्हटलं, "आजी, झाड बरं झालं की नक्की. आता नको." त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली.

चौथा पर्याय दुसऱ्यातूनच निघाला. पीस लिली ठोंबाने वाढते. एका कुंडीत दिसायला एक झाड, पण आत अनेक फुटवे. ते वेगळे करून दोन-तीन कुंड्यांत लावले तर एक गेला तरी सगळं जात नाही. तोटा हा की प्रत्येक फुटव्याच्या वाट्याला मुळं कमी येतात आणि प्रत्येकाची लढाई अवघड होते.

आम्ही दुसरा आणि चौथा एकत्र करायचं ठरवलं. निर्णय मी त्यांच्यावर सोपवला होता, आणि शेवटचा शब्द आजींचा होता: "कापायचं असेल तर आजच काप. उद्यावर नको."

काय केलं

पाऊस जरा उघडला होता. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. मी आणि वहिनींनी हातमोजे घातले. कुंडी दोघांनी आडवी करून माती सैल केली आणि झाड बाहेर ओढलं.

जे दिसलं ते बघून सगळेच गप्प झाले. ८ इंचांच्या जुन्या कुंडीचा साचा जसाच्या तसा मधोमध होता, पावाच्या लादीसारखा. भोवतीच्या लाल मातीत एकही मूळ शिरलं नव्हतं. पाच आठवडे झाड आपल्या जुन्याच घरात राहिलं होतं आणि भोवतीच्या नव्या अंगणात नुसता चिखल साचला होता. लावताना गोळ्याच्या कडा सैल केल्या असत्या, वेटोळी घातलेली मुळं बोटांनी सोडवली असती, तर काही तरी बाहेर निघाली असती.

नळाच्या हलक्या धारेखाली मुळं धुतली. चांगलं मूळ पांढरट, टणक आणि ओढलं तर प्रतिकार करणारं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत, आणि दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत फक्त दोरा उरतो. कात्री दर थोड्या कापांनंतर स्पिरिटने पुसत, चांगलं लागेपर्यंत कापत गेलो. शेवटी एक तृतीयांश मुळं उरली.

मग पानं. हा क्षण वहिनींना सगळ्यात जड गेला. मी म्हटलं, जेवढी मुळं उरली तेवढ्याच पानांना ती पाणी पाजू शकतील. २६ पानांपैकी पिवळी आणि मऊ देठांची अशी ११ काढली. एक कळीची दांडी होती, तीही काढली. फुलावर खर्च करायला झाडाकडे त्या वेळी काहीच नव्हतं.

ठोंब हाताने हलवताच आपसूक तीन ठिकाणी सुटला. सर्वात धडधाकट भाग ६ इंचांच्या मातीच्या कुंडीत, दोन छोटे फुटवे ४-४ इंचांच्या कुंड्यांत. ज्या मापाच्या कुंडीतून या झाडाचा प्रवास सुरू झाला होता त्याच मापावर ते परत आलं. मुलगा म्हणाला, "एवढ्याशा कुंडीत?" कुंडी मुळांच्या मापाने घ्यायची असते, पानांच्या नाही. उरलेल्या मुळांभोवती सगळीकडून एक बोटभर जागा राहील एवढीच हवी होती.

मातीची कुंडी मुद्दाम घेतली. डिचोलीकडची साधी, न रंगवलेली. तिच्या भिंतीतून ओलावा बाहेर झिरपतो आणि पावसाळ्यात तेच हवं असतं. मे महिन्यात मात्र हीच कुंडी दिवसातून दोनदा पाणी मागते. ज्यांचा दिवस कामावर जातो त्यांनी उन्हाळ्यात प्लास्टिकच बरं.

मिश्रणात जमिनीतली माती अजिबात घेतली नाही. आपली जांभ्याची लाल माती शेतात आणि उतारावर चांगली. कुंडीत तिचे बारीक कण पाणी घालून घालून बसतात आणि विटेसारखा गोळा होतो. माप म्हणून नारळाची करवंटी वापरली: कोकोपीट सहा, अर्धवट जाळलेलं भाताचं तूस तीन, पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) तीन आणि गांडूळखत फक्त एक. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घेतलं, कारण नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि ते आधीच दुखावलेल्या मुळांना झोंबतात. धडधाकट झाडासाठी मी खत याच्या दुप्पट घालते. इथे मुळांना खायला घालण्यापेक्षा श्वास घेऊ देणं महत्त्वाचं होतं.

आजींनी कापलेल्या जागांवर हळद लावली. मी अडवलं नाही. नुकसान काही नाही, आणि त्यांचे हात त्या झाडाला लागायला हवेत असं मला वाटलं.

लावताना गड्डा पूर्वी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवला, देठ पुरले नाहीत. मिश्रण दाबलं नाही, कुंडी जमिनीवर दोनदा आपटून बसवलं. वरून एक इंच जागा सोडली. एकदा पाणी दिलं, तळातून वाहेपर्यंत, आणि बशीतलं ओतून टाकलं. मग कुंड्या बाल्कनीतून आत, पूर्वेच्या खिडकीपाशी, जिथे उजेड आहे पण झड नाही. परदेशी पुस्तकांत अशा झाडावर प्लास्टिकची पिशवी घालायला सांगतात, हवा दमट राहावी म्हणून. गोव्याच्या जुलैत दमट हवा विकत आणावी लागत नाही. पिशवीखाली बुरशीच धरली असती. त्याऐवजी दिवसातून काही तास लांबून पंख्याचा वारा.

पाण्याचा नियम एकच ठरवला आणि नातीने तो कागदावर लिहून खिडकीला चिकटवला: बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाल, कोरडं लागलं तरच पाणी. वाराप्रमाणे नाही, पानं पडली म्हणून नाही.

पुढे काय झालं

पहिले दहा दिवस वाईट गेले. मोठ्या कुंडीतली पानं पडलेलीच होती आणि आणखी दोन पिवळी झाली. या काळात वहिनींनी पाणी घातलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. समोर मान टाकलेलं झाड आणि हातात भरलेला तांब्या असताना थांबणं सोपं नसतं. त्या रोज बोट घालून बघायच्या आणि मला मेसेज करायच्या: ओलं आहे. ओलं आहे. नवव्या दिवशी: कोरडं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक छोटा फुटवा गेला. त्याचा गड्डाच मऊ झाला होता. कापतानाच मला शंका आली होती, पण आणखी खोल कापायला हात धजला नाही. बाकी दोन हळूहळू ताठ होऊ लागले.

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. घर पाहुण्यांनी भरलेलं, मागे आरतीचा आवाज, आणि वहिनी सांगत होत्या की मोठ्या कुंडीत सुरळी दिसतेय. नवं पान, गुंडाळलेलं, बोटाच्या पेराएवढं. नवं पान म्हणजे खाली नवं मूळ धरलं, याची खात्री. मी तोवर खत देऊ दिलं नव्हतं. ऑक्टोबरात, तीन नवी पानं उघडल्यावर, निम्म्या तीव्रतेचं पातळ खत सुरू केलं, महिन्यातून एकदा.

मार्चमध्ये, शिगम्याच्या दिवसांत, मोठी कुंडी अलगद उपडी करून बघितली. मुळं पांढरी, भिंतीला लागलेली, पण अजून वेटोळी न झालेली. कुंडी बदलायला याहून चांगली वेळ नसते. ६ मधून ८ इंचांत हलवलं, या वेळी कडा सैल करून. चार-पाच दिवसांत झाड सावरलं. एप्रिलच्या शेवटी पहिलं पांढरं फूल आलं. आजींनी त्या दिवशी कुंडी उचलून यजमानांच्या फोटोखाली ठेवायला लावली आणि संध्याकाळी परत खिडकीत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, मार्चमध्ये करता आलं असतं. गोव्यात घरातल्या पानझाडांची कुंडी बदलायला मी दोन वेळा सांगते: शिगम्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाऊस येण्याआधी मुळं नवी माती व्यापून टाकतात, आणि चवथ झाल्यावर पाऊस ओसरला की ऑक्टोबरअखेरपर्यंत. परीक्षेमुळे मार्च हुकला तरी पावसाळाभर जुन्या कुंडीत थांबता आलं असतं. मुळांनी भरलेल्या कुंडीचं पावसाळ्यात फार बिघडत नाही. पाणी लवकर संपतं ही तक्रार त्या चार महिन्यांत वरदान ठरते.

आकार. ८ वरून १०, एवढंच. जूनमध्येच, त्याच लाल मातीत, पण १० इंचांच्या कुंडीत आणि झड न लागणाऱ्या जागी हे झालं असतं तर झाड बहुधा कुरकुरत का होईना, तरलं असतं. वेळ, आकार, माती, खडी आणि जागा या पाचांपैकी एखाददुसरी चूक पीस लिली पोटात घालते. इथे पाचही एकत्र आल्या.

नवी कुंडी घरात आली की झाड लावण्याआधी तिच्यात तांब्याभर पाणी ओतून बघावं, भोकातून ते सरळ निघून जातं का. आणि मिश्रण भरल्यावर पुन्हा एकदा. दोन मिनिटांचं काम आहे. ते केलं असतं तर कौलाचा तुकडा त्याच दिवशी सापडला असता.

माझ्या बाजूने: फोनवर निदान करायचं असेल तर आता मी चार प्रश्न विचारल्याशिवाय काहीच सांगत नाही. कुंडी आधी केवढी होती, आता केवढी आहे? बोटाला माती कशी लागते? सकाळी उठल्यावर पानं कशी असतात? वास येतो का? आणि छोट्या फुटव्याचा गड्डा मी अजून कापायला हवा होता.

राहिला आजींचा नियम. त्या दिवशी मुळं धुताना मी त्यांना म्हटलं होतं की मृगात लावलेलं जगतं ते जमिनीत, कारण तिथे पाणी खोल उतरतं आणि मुळं त्याच्या मागे जातात. कुंडीला तळ असतो. त्या काही बोलल्या नव्हत्या. यंदा मृग लागल्यावर मात्र त्यांचा स्वतःहून फोन आला: "बाय, ते दुसरं पोर घेऊन कुळागरात जायचं आहे ना? बोलली होतीस."

आम्ही गेलो. ४ इंचांच्या कुंडीतला फुटवा एव्हाना चांगला सहा-सात पानांचा झाला होता. सुपारीच्या रांगेत, उताराच्या बाजूला, गड्याने खड्डा काढून ठेवला होता. मी कुंडी उपडी करणार एवढ्यात आजींनी हाताने थांबवलं. शेजारच्या पाटातून तांब्याभर पाणी घेऊन त्यांनी खड्ड्यात ओतलं आणि काठीवर वाकून बघत राहिल्या. पाणी गोल फिरलं आणि बघता बघता जिरलं.

"हां," त्या म्हणाल्या, "आता लाव."